घुमटोबाचा घाम

देवाला घाम फुटला होता आणि तो पाहायला आमच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाचोडच्या बाजारातून माणसं जीप भरभरून येत होती. माझ्या माहेरच्या देवाचं एवढं नाव झालेलं पाहून मला आनंद व्हायला हवा होता. माझा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात माझ्या वहिनीच्या छातीतली गाठ काढायची होती आणि आज संध्याकाळच्या आत तिला तिथं दाखल व्हायचं होतं. गाठ लहान आहे तोवर काढू, थांबलात तर कुणी काही सांगू शकणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि आमची लक्ष्मीवहिनी खांबाला टेकून बसली होती. देवानं नको म्हटलंय, एवढंच ती म्हणाली.

नको कसं म्हणाला, तर कौल लावून. देवाच्या दोन्ही अंगांना झेंडूची एकेक पाकळी ओल्या बोटानं चिकटवायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल जुना, सोयरीक जुळवताना आमची आजीही लावायची. नवा होता तो घाम आणि तो दाखवणारे इंद्रजीत महाराज.

"देव दगड नाय, माउली," महाराज गर्दीला सांगत होते, "तुमचं दुखणं वडून घेतो, म्हनून त्येला घाम येतो. डावीकडं घाम म्हंजी सुरीला मनाई. देवाफुडं सर्जन कोन?"

बोलता बोलता त्यांनी हाराखाली हात घालून देवाचा खांदा दाबला. डावीकडून पाण्याची रेघ उतरली आणि पाकळी वाहून खाली आली. लोकांनी हात जोडले. माझा भाऊ कारभारी, बारावी झालेला, बागेला खत मोजून घालणारा माणूस, त्यानंही जोडले.

मी शहरात कॉलेजात इतिहास शिकवते. आमचा घुमटोबा म्हणजे बौद्ध लेण्यातला स्तूप, एका अखंड दगडातून कोरलेला. पैठणच्या व्यापाऱ्यांनी दान द्यावं, भिक्खूंनी पावसाळ्यात इथं राहावं, अशी ती जागा. भिक्खू गेले, गुराखी आले, कुणीतरी शेंदूर लावला, गावानं पुढं पत्र्याचं देऊळ बांधलं. पण त्या जुन्या काळात स्तूपाला कुणी काही विचारत नसे. माणूस त्याच्याभोवती फेरी घाली आणि स्वतःच्या डोक्यानं विचार करी. हे मी कारभारीला सांगायला गेले तर त्यानं मला गप्प बसवलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

आणि एकदम आठवलं. स्तूपाच्या माथ्यावर छत्री असते. आमची लाकडी होती, ती कधीच कुजून गेली. पण तिचा दांडा रोवायचं चौकोनी भोक असणारच, आणि ते भोक गेलं कुठं? माथा तर फुलांनी बुजवलेला होता.

देवाला हात लावायचा नाही, असा महाराजांनी नियम केला होता. पण आमच्या गावचा एक रिवाज महाराजांहून जुना. माहेरी आलेली लेक देवाला स्वतःच्या हातानं अंघोळ घालते, जुना हार उतरवते आणि नवा चढवते. मी कळशी उचलली. महाराज आडवे आले. देव तापलाय, म्हणाले.

"लेकीचा मान हाय तो," पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली. "तुमी कोन अडवनार?"

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. हार चढवायच्या शिडीवर मी चढले. हार उतरवले तसं भोक दिसलं. त्यात पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा डबा होता. डब्यातून दोन बारीक काळ्या नळ्या निघून हारांखालून दोन्ही अंगांना गेल्या होत्या आणि खांद्याजवळ प्रत्येकीला एक चिमुकली तोटी होती. मी उजवीकडची फिरवली. देवाला उजवीकडून घाम आला.

ती नळी ओळखायला कुणाला शिकवावं लागलं नाही. आमच्याकडं घरटी मोसंबीची बाग आणि बागेत झाडाझाडाला हेच ठिबक. रोज हाताळायची वस्तू देवाच्या अंगावर होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती. महाराज पूर्वी गंगापूरकडं ठिबकच्या जोडणीची कामं करायचे, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी ते, देवाची लीला यंत्रातूनही होते, असं काहीसं सांगत बाहेर सरकत होते.

मी शिडीवरूनच बोलले. देव मानायचा तर माना, मी कोण नको म्हणणार. सोयरिकीचा कौलही लावा. पण आजाराचं दुखणाऱ्या अंगाला विचारा, तपासणाऱ्या डॉक्टरला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला की हार बाजूला करून खाली काय आहे ते एकदा बघा. त्यानं देवाचा अपमान होत नाही.

लक्ष्मीवहिनी उठली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. स्तूपाजवळ जाऊन तिनं दोन्ही नळ्या ओढून काढल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत टाकल्या.

"बागंत दोन झाडं वाळायली," ती कारभारीला म्हणाली. "त्यांला लावा ह्या. मी घाटीतून येईस्तोवर पानी चुकवू नका."

मग तिनं मला शिडीवरून खाली यायला सांगितलं. जीप भरायच्या आत निघायचं होतं.