पखवाजाची कणीक

कोंडाजीचा पखवाज ऐकायला नाशिकजवळच्या चार गावांतली माणसं येत. पण आज आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापताना त्याचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. आज गावच्या देवळातलं भजन तुरुंगात गेलेल्या माणसांसाठी होतं. शहरातून आलेली वकील सुवर्णाताई गावोगाव अशी भजनं लावायची आणि मधेच सांगायची, आत गेलेल्याचं घर वाळीत टाकू नका, भेटीला जा, वकिलाची सोय आम्ही करतो.

कोंडाजीचा समाधान अकरा महिने आत होता. मारामारीची केस, निकाल नाही. गावाला मात्र कोंडाजीनं सांगितलं होतं, पोरगं सुरतेला कंपनीत हाय.

दुसरा अभंग संपला. ताई म्हणाली, "ज्याचं माणूस आत असेल, त्यानं एक फूल विण्यापुढं ठेवावं."

झेंडूची पाटी कोंडाजीच्याच मळ्यातली. कुणी हलेना. शेवटी लंकाबाई उठली.

"माझा मालक आला माघारी. हे फूल अजून आत राहिलेल्यांचं."

तिचा नवरा बारकू पार मागं, चपलांपाशी बसला होता. त्याला पखवाज कोंडाजीनंच शिकवलेला. दीड वर्षानं तो निर्दोष सुटून आला, तेव्हा याच देवळात कोंडाजी सगळ्यांदेखत बोलला होता, "जेलची भाकर खाल्लेला हात देवाच्या वाद्याला नको."

"बुवा, समाधान कवा येतो सुरतेहून?" टाळकऱ्यांतून कुणी हसून विचारलं. "का तिकडंच घरजावई झाला?"

रंगूबाई उठली.

"खाली बस," कोंडाजी दातओठ खात बायकोला म्हणाला.

"अकरा महिने बसलेच की." तिनं फूल उचललं, विण्यापुढं ठेवलं. "समाधानचं. सुरतेला नाय तो. आत हाय."

हसणारा गप्प झाला. कोंडाजीला वाटलं, हसला असता तर बरं होतं. थाप मारायला त्यानं हात उचलला, पण हात पडेना. स्वतःचेच शब्द कानात वाजत होते. तो पखवाज घेऊन उठला आणि साऱ्या बैठकीतून वाट काढत चपलांपाशी गेला.

"बारकू, तू वाजव."

"मी जेलची भाकर खाल्लीय, बुवा."

कोंडाजीची मान खाली गेली. "माझं पोरगंबी तीच खातंय."

बारकूनं पखवाज पुढ्यात ओढला. मग बोटानं कणीक दाबून पाहिली.

"वाळलीय. पाणी आणा."

कोंडाजी तांब्या घेऊन आला. बारकूनं वर न बघता बोटं भिजवली. पखवाज उचलून तो पुढं गेला. कोंडाजी तिथंच, चपलांपाशी बसला.