तलावात हत्ती, गावात सांगावा

पळसटोल्यात गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. इकडे कोणाच्या घरची भाजी करपली, की तिकडे बसस्टँडवर तिची चर्चा सुरू. नगरपंचायतीची घंटागाडी कचरा कमी आणि बातम्या जास्त गोळा करते, असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत. अशा गावाला दिवसभर तोंड बंद ठेवा म्हणून सांगायची पाळी आली साक्षीवर. साक्षी म्हणजे आमची नवी नगराध्यक्ष. वय तिशीच्या आतलं, घर नाल्याच्या अलीकडे, भीमनगरात. आणि दिवस कोणता, तर गणपती विसर्जनाचा. घ्या!

झालं असं, की सकाळी चहा चुलीवरून उतरायच्या आत वनरक्षक माधवी दारात आली. गाडी ढकलत आली. इंजिनाचा आवाज नको म्हणून.

"साक्षी, हत्ती गावतलावात उतरले," ती दम खात म्हणाली. "पुरा कळप हाय. अन् एक मादी पहाटे तिथंच काठाच्या पाळीवर व्याली. पिल्लू धड उभं नाई राहून राह्यलं अजून. ते चालाले लागल्याबिगर कळप हलत नाई. सांज होईन. तोवर गर्दी झाली, आवाज झाला, तर माय कोणालेबी तुडवन."

साक्षीला आठवलं. मागच्या धानाच्या हंगामात शेजारच्या गावचा एक बाप्या हत्तीच्या सोंडेला कुंकू लावायला गेला होता, तो परत आलाच नाही. जंगलातून हत्ती निघाला की गणपती आला म्हणून नारळ घेऊन त्याच्याकडे धावायचं, ही चूक आमच्याच मुलखातल्या माणसांनी करावी! आणि आज तर गावातले सगळे गणपती त्याच तलावात शिरवायचे होते, रोशनच्या मंडळाच्या डीजेसकट.

भोंगा लावून सांगावं, तर तलाव हाकेच्या अंतरावर. मोबाईलवर टाकावं, तर घटकाभरात कुरखेड्यापासून गाड्या भरभरून माणसं व्हिडिओ काढायला हजर. आणि रोशनला सांगावं? तो निवडणुकीत तिच्याकडून हरलेला. तेव्हापासून तिला 'मॅडम' म्हणायचा, आणि असं म्हणायचा की त्यापेक्षा शिवी बरी. भीमनगरच्या पोरीनं पहिल्याच वर्षी गणपती अडवला, असं त्यानं चौकात नुसतं एकदा म्हटलं असतं, तरी गाव चिडून तलावावर गेलं असतं. मग कोण मेलं असतं ते मोजत बसा.

"सांगावा फिरव," खाटेवरून आबा म्हणाला. आबा म्हणजे तिचा आजा, लहानू.

साक्षी त्याच्याकडे बघतच राहिली. फिरता सांगावा ही पळसटोल्याची जुनी रीत. गावावर काही आलं, की एका घरानं दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन सांगायचं. ऐकणाऱ्यानं 'ऐकला' म्हणायचं आणि हातातलं काम टाकून पुढच्या घरी जायचं. शेवटच्या घरानं तो पहिल्या घरी परत आणायचा आणि 'पोचला' म्हणायचं. परत आला तर गाव एक झालं. नाही आला तर कोणीतरी अडवला. अडवायलाही मुभा होती, पण अट अशी, की सांगावा अंगावर असताना, म्हणजे पुढं देईपर्यंत, घास खायचा नाही.

"पण आबा, सांगावा आपल्याकडं कधी आलाच कुठी?" साक्षी म्हणाली.

खरं होतं. सांगावा नाल्यापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी वळायचा. अलीकडच्या वस्तीला कोतवाल नाल्यापलीकडून ओरडून सांगायचा. लहानूनं उभ्या जन्मात आपल्या उंबरठ्यावर सांगावा ऐकला नव्हता.

"आला नाई म्हणून काय झालं," म्हातारा म्हणाला. "जाऊ तर शकते ना? बुद्धाच्या मायच्या, महामायेच्या सपनात आला तो हत्तीच होता, पोरी. अन् त्यायचा गणपतीबी हत्तीच हाय. जा. मी इथी बसतो."

साक्षीनं सांगावा आधी भीमनगरात फिरवला आणि मग नाला ओलांडला. पलीकडचं पहिलं घर मनकर्णाबाईचं. बाई मोदकाची उकड मळत होती. उंबरठ्याशी उभं राहून साक्षीनं सांगितलं, "बाई, सांगावा हाय. तलावात हत्तीण व्याली. ती जाईस्तोवर गावात आवाज नाई, तलावावर पाऊल नाई, मोबाईलवर अक्षर नाई. गणपती त्याच्यानंतर."

मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. साक्षीला वाटलं, संपलं सारं. मग बाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले.

"ऐकला," ती म्हणाली, आणि तशीच अनवाणी शेजारच्या घराकडे निघाली.

आता खरं सांगतो, यापुढं जे झालं ते पळसटोल्यात कोणी पाहिलं नव्हतं. गाव हळूहळू गप्प होत गेलं. आधी आटाचक्की थांबली. मग देवळावरचं गाणं बंद झालं. बाजारात भाजीवाल्या बोटांनी भाव सांगू लागल्या, आणि गिऱ्हाईकंही मुक्यानंच घासाघीस करू लागली! एरवी नळावर भांडणाऱ्या बाया कळशीखाली फडकं धरून पाणी भरत होत्या. आमचं हे तोंडाळ गाव, पण त्या दिवशी अळीमिळी गुपचिळी. आणि त्या शांततेत मधूनच तलावाकडून घुमल्यासारखा एक आवाज यायचा, माय पिल्लाला उठवत असल्याचा. तो ऐकून माणसं आपापल्या दारात हात जोडून उभी राहत होती.

साक्षी मात्र दारात बसून होती. सांगावा परत येत नव्हता. दुपार झाली, उन्हं कलली. वाटेच्या शेवटी रोशनचं घर होतं, हे तिला ठाऊक होतं. त्यानं एकट्यानं डीजे सुरू केला, तरी बाकी गावाचं गप्प बसणं मातीत जाणार होतं.

"आबा, अडला तो," ती म्हणाली. "माझ्यामुळंच अडला."

तेवढ्यात मागच्या दारानं माधवी आली आणि तिनं हातानंच खूण केली, कळप हलला. साक्षी परसातून तशीच धानाच्या बांधावरून धावत सुटली.

तलावाच्या रस्त्यावर पोचली आणि तिथंच खिळली. गावातले सगळे गणपती कळप जायची वाट बघत रस्त्याच्या कडेला ओळीनं थांबले होते. कोणी डोक्यावर, कोणी पाटावर, कोणी बैलगाडीत. मागं सारं गाव. लेकरांच्या तोंडावर आयांचे हात. पुढं रोशनच्या मंडळाचा डीजेचा ट्रक उभा होता. तो पाहून साक्षी पुढं सरकली. मग तिला दिसलं, की भोंग्यांच्या तारा काढून टपावर गुंडाळून ठेवल्या होत्या. रोशन कुठी, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं. ट्रकवाल्यानं ओठावर बोट ठेवलं.

आणि धानातून हत्ती वर आले.

पुढं एक म्हातारी हत्तीण, कान फाटलेली. ती रस्त्यावर चढली, थांबली, आणि तिनं अख्ख्या गावाकडं पाहिलं. कोणी श्वास घेईना. एवढा मोठा जीव, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. तिच्यामागून एकेक करून बाकीचे आले, आणि त्यांच्या पायांच्या रानात, आईच्या सोंडेचा आधार घेत, लटपटत ते आलं. ओलं, राखेच्या रंगाचं, डोक्यावर भुरी लव. रस्त्याच्या मधोमध ते बुडावर बसलं. मायनं सोंडेनं उठवलं. पुन्हा बसलं. कोण्यातरी बाईच्या तोंडून नकळत "अगं माय!" निघालं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. शेवटी पिल्लू उठलं, चाललं, आणि कळप पलीकडच्या सागात शिरला. साक्षीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं, तर सारेच रडत होते. कितीतरी वेळ कोणी जागचं हललं नाही, आणि मग पहिला गणपती तलावाकडे निघाला तोही मुक्यानंच.

अंधारून यायच्या आत ती घरी आली. तर उंबरठ्याबाहेर पायरीवर रोशन बसलेला. बाजूला झाकलेलं ताट. आत खाटेवर लहानू, आणि त्याचे डोळे लाल.

"कवाचा बसला हाय," म्हातारा म्हणाला. "तू मागून निघाली अन् हा समोरून आला. म्या ताट वाढलं, म्हटलं, जेवून घे बाबा. तर नाई म्हणते."

रोशन उठून उभा राहिला.

"दुपारपर्यंत मीच अडवला होता," तो म्हणाला. "उपाशी बसलो, पण अडवला. मग माझी माय म्हणाली, सांगावा उपाशीपोटी अडवशीन, पण बाळंतिणीले कसा अडवशीन रे? शेवटचं घर आमचंच होतं."

"अन् हत्ती? तुम्ही पाह्यले नाई, रोशनभाऊ?" साक्षीला खरं वाटेना. "सारं गाव तिथं होतं! एक फोन तरी करायचा."

"सांगावा फोनवर नाई होत, बाई. उंबरठ्यावर होते. ज्याचा त्याले देल्याबिगर उठता नाई येत." त्यानं चप्पल काढली आणि उंबरठ्याशी येऊन उभा राहिला. "पोचला."

तिनं आबाकडं पाहिलं. लहानू खाटेवरून उठला, काठी न घेता दारापर्यंत आला, आणि जन्मभर न म्हणता आलेला शब्द म्हणाला, "ऐकला."

मग रोशन खाली बसला आणि ताटावरचं झाकण काढलं. भात थंड झाला होता. साक्षी गरम वरण आणायला निघाली, तर त्यानं हातानंच तिला थांबवलं. पहिला घास तोंडात घातला आणि लेकरासारखं विचारलं, "पिल्लू केवढं होतं, बाई?"

साक्षी त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि सांगू लागली.