पुठ्ठ्यावरचे रॅक

इसवी सन दोन हजार पंचवीस, डिसेंबरचा दुसरा आठवडा. स्थळ, भिवंडी तालुक्यातील दापोडे येथील एक गोदाम. मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. खोक्यावरच्या काळ्या रेघा वाचाव्यात, पडद्यावर हुकूम दाखवावा आणि काम झाले की शीळ घालावी, हा माझा धर्म. माझे जन्मस्थान पाठीवरच्या चिठ्ठीत लिहिले होते. ती असंख्य घामट तळव्यांनी पुसून टाकली.

नवा होतो तेव्हा मला मिळवण्यासाठी भांडणे होत. आता काच तडकली आहे, झाकण रबराने बांधले आहे. म्हणून जो नवखा येईल त्याच्या हाती मला देतात. परंतु माझी अस्वस्थता म्हातारपणाची नव्हे. तिचे कारण एक पुठ्ठा आहे.

माल उतरला की माझ्या पडद्यावर 'पुट अवे' ही इंग्रजी अक्षरे उमटतात. खोके रॅकपाशी न्यावे, तेथे ठेवावे, रॅकवरची रेघ मला दाखवावी, मग मी शीळ घालावी, असा नियम. विशाल नावाच्या कामगाराने सर्व रॅकांच्या रेघांच्या झेरॉक्स काढून एका पुठ्ठ्यावर चिकटवल्या. खोकी दाराशीच पडून राहत आणि पुठ्ठ्यावरून आम्हांला फिरवले की आम्ही सारे स्कॅनर 'झाले' अशी शीळ घालीत असू. कोणी म्हणेल, यंत्राला लाज कसली? माझे म्हणणे असे की, ज्याच्या शब्दावर इतर विसंबतात त्याला लाज असलीच पाहिजे.

अशात जवळच्या दिघाशी गावातल्या रूपाताई कामाला लागल्या आणि मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नोंदी ठेवणाऱ्या सुचेताताईंना पडदा दाखवला. "ताई, हे काय लिवलंय?"

"पुट म्हणजे ठेवणे. पण अवे जोडले की नुसते ठेवणे नाही. घासलेली भांडी ओट्यावर ठेवलीत, ते पुट. आपापल्या जागी लावलीत की पुट अवे."

"म्हंजे मांडणीवर लावली तर!"

त्या दिवसापासून रूपाताई प्रत्येक खोक्यामागे रॅकपर्यंत चालत गेल्या. विशाल पुठ्ठा पुढे करून हसे. "काय गो रूपा, एवढी चाल? अकलोलीच्या गरम कुंडावर आंघोळीला निघालीस का?"

"तू चल संगती. तुझा पुठ्ठा बी धुऊन घेऊ."

रोजच्या मोजणीच्या फळ्यावर मात्र विशालची खोकी रोज तीनशे आणि रूपाताईंची नव्वद. मुकादम भूपेश यांनी शुक्रवारी बजावले, "उद्या दीडशे न्हाय झाली, तर सोमवारी येऊ नका." रूपाताईंची मूठ माझ्याभोवती आवळली. पुठ्ठा हाताच्या अंतरावर होता. त्यांनी तो घेतला नाही.

शनिवारी दुपारी त्यांची ऐंशी खोकी झाली होती, तोच चाळीस मिक्सर नेण्यासाठी ट्रक दाराशी लागला. संगणक म्हणे, रॅक बारा. रॅक बारा रिकामे. तासभर धावाधाव झाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवीत राहिला. अखेर मिक्सर दारामागे ताडपत्रीखाली सापडले.

"माल हितंच हाय, आन् पडद्यावर पुट अवे झालं दावतंय!" भूपेश ओरडले.

"दादा, ह्यो नुसता पुट केलाय," रूपाताई म्हणाल्या. "पुट अवे करायचा राहिलाय."

सुचेताताईंनी नोंद वाचली. "चाळीस खोकी, विशालच्या नावावर, दोन मिनिटांत. विशाल, उडत गेला होतास का?"

विशालने पुठ्ठा पाठीमागे लपवला. मग सुचेताताईंनी रूपाताईंच्या आठवड्याच्या नोंदी काढल्या आणि भूपेश स्वतः रॅकोरॅक फिरले. एकही खोके जागा सोडून नव्हते.

मित्रांनो, तडकलेल्या काचेची मला खंत नाही. तिच्यातून अक्षरे अजून वाचता येतात. तुमच्या हाती मी आलो, तर एवढेच करा: आधी रॅकपर्यंत चाला, मग माझी शीळ मागा.

भूपेश यांनी पुठ्ठा गुडघ्यावर मोडला आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "रूपाताई सोमवारी येतील. पुठ्ठा येनार न्हाय."