नाकासमोरचा गोळा

नऊ वर्षं तो विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र शिकवत होता, आणि नऊही वर्षं हंगामी. सुट्टी लागली की नोकरी जायची, वर्ग भरले की परत यायची, धूमकेतूसारखी. बायको म्हणायची, "अहो, धूमकेतूला निदान शेपूट तरी असतं!"

आज कायमच्या जागेसाठी निवड समितीसमोर शिकवून दाखवायचं होतं. हुकमाचा एक्का छताला दोरीने टांगलेला होता: सात किलोचा लोखंडी गोळा. नाकाला टेकवून सोडला की तो लांब जायचा, परतायचा आणि नाकापाशी येऊन थबकायचा. सोडला तिथून पुढे येणं त्याच्या धर्मातच नाही. अट एकच, आपण जागचं हलायचं नाही.

समितीतल्या दोघी जणी येऊन बसल्या. अध्यक्षांचा पत्ता नव्हता. "करा सुरू," एक बाई म्हणाल्या, "ते काय, येतील तेव्हा येतील."

त्याने गोळा सोडला. गेला गेला, पार फळ्याशी गेला, वळला. नेमके तेव्हाच अध्यक्ष दारातून आत आले.

हंगामी माणसाची मान त्याला विचारून वाकत नाही. "या सर!" म्हणत ती चार बोटं पुढे गेली.

थाड!

तो मटकन खाली बसला. रुमाल लाल झाला. शिपाईकाका कापूस घेऊन धावले.

"म्हणजे नियम चुकला?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोरी ताणली म्हणा," काका कानाशी पुटपुटले. "जुनीच आहे, खपून जाईल."

खपलंही असतं. पण नऊ वर्षं जिच्या भरवशावर नाक ठेवलं, तिच्यावर आळ कसा घ्यायचा?

"दोरीचा दोष नाही," तो म्हणाला. "गोळा शब्दाला जागला, सर. पुढे मी आलो."

"का?"

"तुम्ही आलात म्हणून."

अध्यक्षांनी कोट काढला आणि गोळ्यासमोर उभे राहिले. "मला करू द्या."

"डोकं भिंतीला टेकवा. आता देव आला तरी हलायचं नाही."

गोळा सुटला. "आला का हो?" अध्यक्ष डोळे मिटून कळवळले.

"येतोय. गप्प उभे राहा!"

गोळा आला, नाकाला वारा घालून गेला. अध्यक्षांनी एक डोळा उघडला आणि पोरासारखे खदखदून हसले. "पुन्हा!"

"पुरे, आता माझी पाळी," म्हणत एक बाई उठल्या.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. "मिळाली. कायमची."

"अगंबाई, रडताय की काय?"

"छे गं, नाकात कापूस आहे."

"माझ्या तर नाही," ती म्हणाली, आणि पलीकडूनही तसाच आवाज येऊ लागला.