गार काचेची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरशाची वगैरे समजू नका. मी बोटभर लांबीची पट्टी आहे आणि माझ्या पोटात चौसष्ट गल्ल्या कोरलेल्या आहेत. त्या इतक्या अरुंद आहेत, की तुमच्या रक्तातल्या लाल पेशीलाही तिथून जाताना अंग चोरावं लागतं. जी वाकून, दुमडून पार होते ती लवचिक, जी तोंडाशीच अडकते ती ताठर. ते दाखवणं एवढंच माझं काम. पण स्वभावानं मी अशी उतावळी, की एखादी पेशी जरा घुटमळली तरी माझा जीव वरखाली होतो.

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या एका खोलीत झाला. तिथून मी एका इस्पितळाच्या रक्तपेढीत आले. दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक आणि शेजारी रक्ताच्या पिशव्यांचा दिवसभर गुरगुरणारा फ्रिज.

दान केलेलं रक्त त्या फ्रिजमध्ये सहा आठवडे ठेवता येतं, पण ते आहे तसं राहत नाही. शरीरात क्षणभरही न थांबणाऱ्या पेशी तिथं गारठ्यात नुसत्या पडून राहतात. हळूहळू त्यांची ताकद सरते, कडा झिजतात आणि मऊ चकतीची काटेरी गोळी होऊ लागते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून धड जात नाहीत, शरीर त्यांना लवकर बाद करतं. त्यातही प्रत्येकाचं रक्त वेगळं. कुणाचं पाचव्या आठवड्यातही तरतरीत, कुणाचं तिसऱ्यातच थकलेलं. पिशवीवरची मुदत मात्र सगळ्यांना सारखी.

म्हणून पेढीच्या प्रमुख डॉक्टरांनी एक नियम केला होता. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. ज्यांना जन्मभर रक्त घ्यावं लागतं, त्यांच्यासाठीची पिशवी आधी मला दाखवायची. शंभरातल्या सत्तर पेशी पार झाल्या तरच द्यायची. इतरत्र असं करतात की नाही कोण जाणे, आमच्याकडे हा बाईंचा हट्ट होता. पिशवी उघडली तर ती एका दिवसात वापरावी लागते, म्हणून तिच्या नळीच्या बंद शेपटीतला एकच थेंब घ्यायचा. शितावरून भाताची परीक्षा.

माझी जबाबदारी होती सावकाश काकांकडे. हा तंत्रज्ञ माणूस थेंब घालण्याआधी मला मुठीत धरून दोन-दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसायचा. माझा अगदी जीव जायचा. वाटायचं, बाहेर पेशंट ताटकळलाय आणि यांचं काय चाललंय. पण पाहुणे आले की मोठ्या बाई मला उजेडात धरून म्हणत, "आमची काच खोटं बोलत नाही." तेव्हा मी फुगून जायची.

मग काका निवृत्त झाले आणि सात महिने मी खणात पडून राहिले. टाचण्या, रिकामी पेनं आणि मी. काम नसलं की मला करमत नाही, पण सांगणार कुणाला?

काकांच्या जागी आलेल्या मुलीला सगळे तुरतुरी म्हणत, कारण ती चालायचीच तशी. तिनं मला खणातून काढून धुतलं आणि माझ्यासाठी विजेवर तापणारी एक छोटी चकती मागवली. तिला ती तवा म्हणायची. तवा शरीराइतका कोमट राहायचा; मला त्यावर ठेवलं की लगेच थेंब, मुठीत धरून बसणं संपलं. मी तर खूश झाले. एकदाची माझ्यासारखी घाईची बाई भेटली.

एका दुपारी सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचं. इतक्यांदा रक्त घेतल्यामुळे तिला आता कुणाचंही रक्त सरसकट चालत नसे. फ्रिजमध्ये जुळणारी एकच पिशवी होती, अडतीस दिवसांची. दोन मजले चढताना ती पोर चार वेळा थांबली होती. बाकावर बसली तरी तिची धाप थांबेना.

"ताई, मोबाईल जरा लावू का इथं?" आईनं विचारलं. "बॅटरी संपलीय. हिच्या बाबांना कळवायचंय."

"लावा की," तुरतुरी म्हणाली आणि जो प्लग हाताला लागला तो उपसून तिनं जागा करून दिली. तो तव्याचा होता.

थोड्या वेळानं फ्रिजमधला थेंब माझ्यात आला. पेशी गल्ल्यांच्या तोंडाशी आल्या आणि तिथंच खिळल्या. मी मनातून त्यांना ढकलत होते. चला गं, वाका, पुढं व्हा. मोजणी झाली तेव्हा शंभरात एकेचाळीस.

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसरी पिशवी बाहेरगावाहून मागवा. परवा येईल."

मुलगी म्हणाली, "मग परवा परत जिना चढायचा?"

तुरतुरीचा पाय तिथून निघेना. तिनं मला धुतलं, पुन्हा थेंब घातला. एकोणचाळीस. शेवटी तिनं काकांना फोन लावला.

"काका, काच म्हातारी झाली का हो?"

"हातात घेतलीस का तिला?"

"हातात कशाला? तव्यावर आहे ना."

"असू दे. बोट तर लावून बघ."

तिनं बोट लावलं. मी गारढोण होते.

"अगं, गारठ्यात चांगली पेशीसुद्धा आखडते," काका म्हणाले. "आधी तिला ऊब दे, मग विचार."

काकांची ती दोन मिनिटं मला तेव्हा कळली. मी उगाच त्यांच्यावर चिडायची. आणि मी, कधी खोटं न बोलणारी काच, त्या दिवशी दोनदा खोटी साक्ष देऊन बसले होते. लाज वाटली मला.

तुरतुरीनं मला मुठीत धरलं. मोबाईल काढून तिनं तव्याचा प्लग लावला, तवा तापू दिला आणि मग नवा थेंब घातला. पहिली पेशी गल्लीशी आली, क्षणभर अडली, लांबट झाली आणि पार गेली. तिच्यामागून दुसरी गेली. मोजणी एकोणऐंशीवर थांबली.

"चूक माझी होती," तुरतुरी मोठ्या बाईंना म्हणाली आणि तिनं आईलाही सगळं सांगितलं. बाईंनी स्वतः एकदा मोजून बघितलं आणि पिशवी खाली पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाण्याआधी ती मुलगी वर आली. न थांबता आली, आईच मागे राहिली होती. आईच्या हातात सहा प्लगांचा एक नवा बोर्ड होता.

"माझ्याच मोबाईलपायी झालं ते," आई म्हणाली. "हा असू द्या इथं."

मित्रांनो, आता तवा कायम चालू असतो. तरी शेवटपर्यंत अडकलेल्या त्या एकवीस पेशी माझ्या मनातून जात नाहीत. अडतीस दिवस वाट पाहून त्या ताठरून गेल्या होत्या. तुम्ही मोठे झालात की रक्त द्या आणि पुन्हा पुन्हा द्या, म्हणजे कुणासाठी इतकी जुनी पिशवी शोधावी लागणार नाही. आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तूंना कामाला लावण्याआधी एकदा हात लावून बघत जा.

तुरतुरीनं भिंतीवरच्या सूचनांच्या कागदावर, पहिल्या सूचनेच्याही वर, पेनानं एक ओळ लिहिली आहे: आधी काच हातात घ्या. रोज ती मला दोन मिनिटं मुठीत धरते आणि खिडकीबाहेर बघत बसते. मला अजूनही घाई होते, पण मी गप्प राहते.