एक मीटर ब्याण्णव

फूटपट्टीसाहेबांना हे नाव ऑफिसने दिलं होतं, आणि अर्थातच पाठीमागे दिलं होतं. निवृत्तीनंतर ते गल्लीपर्यंत कसं पोचलं, हे कोडं साहेबांना कधी सुटलं नाही. त्यांच्या सासूबाईंनीच ते शेजारच्या घड्याळजीच्या कानात घातलं होतं, पण हे साहेबांना सांगणार कोण?

रस्ते खात्यात साहेबांचं काम एकच. पुलाखाली उभं राहायचं, मान वर करायची, किती उंचीचं वाहन खालून सुखरूप जाईल ते मोजायचं आणि तसा बोर्ड लावायचा. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. या काळात त्यांना एकच शत्रू भेटला, तो म्हणजे डांबर. नवा थर पडला की रस्ता चार बोटं वर येतो. पूल असतो तिथेच, आणि बोर्ड आपला जुनाच आकडा मिरवत उभा. मग एखादा ट्रक त्या आकड्यावर भरवसा ठेवून आत शिरतो आणि अडकून बसतो. "खालचं बदललं की वरचा बोर्ड बदला," अशी पत्रं साहेबांनी इतकी लिहिली की वरिष्ठांना ती पाकीट न उघडताच पाठ होती.

अशा काटेकोर माणसाने घरात मात्र एक वाक्य न मोजता टाकलं. त्यांची एकुलती एक मुलगी कपडे बेतायची. दूरच्या शहरातल्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात तिला नोकरी लागली. जेवताना तिने ही बातमी सांगितली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.  ही जाणार, हे घर रिकामं होणार, एवढंच त्यांना कळलं. तोंडातून निघालं भलतंच.

"महिन्याभरात परत येशील," ते म्हणाले.

मुलीने पानातलं संपवलं, ताट धुतलं आणि दुसऱ्या दिवशी बसचं तिकीट काढलं. तीन आठवड्यांनंतरचा रविवार, सकाळी अकरा. तोवर ती वडिलांशी कामापुरतं बोलत होती, आणि काम फारसं निघत नव्हतं. सोबत एक बॅग आणि शिवणयंत्र नेणार होती. कापायचं टेबल इथेच राहू दे, म्हणाली.

हे टेबल साहेबांनी स्वतः केलं होतं, ती पंधरा वर्षांची असताना. जुन्या दाराची फळी, दोन मीटर लांब, कडेने सेंटिमीटरच्या खुणा कोरलेल्या, पाय सुटे होणारे. त्या टेबलाशिवाय तिच्या हातातली कात्री बिचकते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते ती मागे टाकून निघाली होती, याचा अर्थ साहेबांना बरोबर कळला. तिला तिच्या नव्या घरी आपणच पोचवायचं, टेबलासकट पोचवायचं, एवढी एकच गोष्ट आता त्यांना हवी होती. माफी मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या छोट्या मिनीव्हॅनच्या टपासाठी कॅरियर मागवलं.

कॅरियर शनिवारी सकाळी आलं. चार पाय, दोन आडव्या दांड्या, वर बसवायची जाळी, रबरी गाद्या आणि सोळा बोल्ट. सोबत सहा भाषांतलं माहितीपत्रक. त्यातली एक भाषा साहेबांना येत होती. त्यांनी तिच्यातही वाचलं नाही.

मोजायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. गाडी अंगणात उभी करून टेप लावली. कंपनीच्या पुस्तकात उंची छापलेली असते, पण छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस वेगळा. गाडी भरली एक मीटर अठ्ठ्याहत्तर. कॅरियर अकरा सेंटिमीटर. बेरीज एक मीटर एकोणनव्वद. मग त्यांनी गॅरेजच्या दारावर नजर टाकली. तिथे त्यांनीच वीस वर्षांपूर्वी रंगवलेला बोर्ड होता, पिवळ्यावर काळ्या अक्षरात: उंची मर्यादा १.९२ मीटर. घराच्या गॅरेजला असा बोर्ड लावणारा माणूस त्या गल्लीत तो एकच. तीन सेंटिमीटर शिल्लक. साहेबांनी समाधानाने टेप गुंडाळली. बाहेर वारा होता, म्हणून गाडी आत घेऊन कामाला लागले.

स्टुलावर चढून त्यांनी टपाच्या कडा पुसल्या. दारं उघडून चारी पाय चौकटीत अडकवले, गाद्या सरळ आहेत का पाहिलं. पुढची दांडी काचेपासून किती अंतरावर, ते डावीकडून आणि उजवीकडून सात वेळा मोजलं. बोल्ट आधी हाताने लावले, मग तिरके तिरके पान्ह्याने आवळले, एका बाजूने ओढ बसू नये म्हणून. आणि मग त्यांना वाटलं, एवढ्याने भागणार नाही. मुलीचं टेबल आहे. खाली पडलं तर? त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा काढले, प्रत्येकाच्या आट्यांना लाल डिंक लावला आणि पुन्हा आवळले. हा डिंक एकदा वाळला की बोल्ट भाजून काढावा लागतो. माहितीपत्रकात सहाही भाषांत लिहिलं होतं: डिंक लावू नये.

"जावईबापू, विमान बांधताय का?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"पक्कं हवं, आई."

"मग तिच्याशी दोन शब्द बोला की. तेही पक्कंच काम आहे."

साहेबांनी पान्हा पुसला, अगदी सावकाश.

रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी घरच्यांना अंगणात बोलावलं. मुलगी बॅग घेऊनच बाहेर आली. "बस अकराची आहे," ती आईला म्हणाली. वडिलांना ऐकू जाईल इतपतच आवाजात. टेबलाची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, पाय सुतळीने बांधलेले. ते पाहून ती थबकली. साहेब गाडीत बसले, मागे घेऊ लागले आणि टपावर कर्रर्र असा आवाज झाला.

त्यांनी उतरून पाहिलं. जाळीची मागची कड दारावरच्या तुळईला टेकली होती, बरोबर बोर्डाच्या खाली.

"शक्य नाही," साहेब म्हणाले आणि टेप काढली. दाराची उंची एक मीटर सत्त्याऐंशी भरली. पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "बोर्ड लावल्यावर मागे एकदा ओल येत होती म्हणून तुम्ही खाली काँक्रीट नव्हतं का ओतलं?"

ओतलं होतं. पाच सेंटिमीटर. स्वतःच्या हाताने, पाणसळ लावून, अगदी सपाट. आणि वरचा बोर्ड तसाच राहिला होता.

साहेबांचा चेहरा पडला. कुंपणापलीकडून घड्याळजी सगळं पाहत होता. तो आत आला.

"साहेब, टायरची हवा सोडा. ट्रकवाले तेच करतात."

"ट्रकवाले काय करतात ते मला सांगता? आणि रविवारी भरणार कुठे? पंक्चरवाल्याचं दुकान बंद."

"मग कॅरियर काढा."

"डिंक लावलाय," साहेब म्हणाले. एकतीस वर्षांत इतका बारीक आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

मुलीने घड्याळ पाहिलं. बॅग उचलली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तुळईकडे बघत उभे राहिले. आता ती जाणार, आणि आपण इथे दोन सेंटिमीटरसाठी अडकून राहणार. 

तेवढ्यात सासूबाई पुढे सरसावल्या. "मी बसले की गाडी बसते, असं गेली पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत फिरताय ना? आज बघूच." आणि त्या मागचं दार उघडून ऐटीत आत जाऊन बसल्या. गाडी खरंच खाली गेली. साहेबांनी टेप लावली. जीव भांड्यात पडावा इतकं नाही, पण काहीतरी नक्की.

बायको बसली. घड्याळजीलाही बसवलं. साहेब स्टिअरिंगवर बसले आणि गाडी बोटभर मागे घेतली. कर्रर्र.

"किती कमी पडतंय?" घड्याळजीने विचारलं.

"चार-पाच मिलिमीटर."

गाडीतले चौघेही एकदमच मुलीकडे बघू लागले. ती अंगणात बॅग धरून उभी होती. तिने दारावरचा पिवळा बोर्ड वाचला, मग स्टिअरिंगवर बसलेल्या वडिलांना पाहिलं. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. दुसराही हलला.

"बाबा, हा बोर्ड कोणी लावला?"

"लावला एका गाढवाने," साहेब म्हणाले.

ती इतकी हसली की तिला बॅग खाली ठेवावी लागली. तीन आठवड्यांनी तिचं हसू ऐकून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आरशात बघितल्यासारखं करून त्यांनी पुसलं.

"हसून झालं असेल तर आत ये," सासूबाई ओरडल्या. "माझे गुडघे हनुवटीला लागलेत."

ती आली. आजीच्या आणि घड्याळजीच्या मधे कशीबशी शिरली. साहेबांनी श्वास धरला आणि गाडी मागे घेतली. कड बोर्डाखालून गेली. आवाज आला नाही. मधे वर्तमानपत्राचा एक कागद मावला असता, दुसरा नाही.

अंगणात सगळे उतरले. मुलगी उतरली नाही. पुढच्या सीटवर सरकून बसली आणि म्हणाली, "टेबल बांधा. नीट बांधा." बसचं तिकीट तिने पर्समध्ये तसंच ठेवलं.

रस्ता पाच तासांचा होता. पहिले दोन तास साहेब दर पुलाखाली मान वाकडी करून आकडा वाचत होते. तिसऱ्या तासाला त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून बोल्ट तपासले. सोळाही जागच्या जागी. हलायचं काही कारणच नव्हतं. परत येऊन बसले, किल्ली फिरवली नाही.

"महिन्याभरात परत येशील म्हणालो," ते समोर बघत म्हणाले, "ते चुकलं माझं. तू राहशील. चांगली राहशील. मलाच ते..."

"कळलं, बाबा."

"टेबल खिडकीपाशी लाव. उजेड डावीकडून."

"माहीत आहे."

तिच्या खोलीत त्यांनी टेबलाचे पाय बसवले, पाणसळ ठेवून पाहिली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग निघाले. परतीच्या वाटेवर टप रिकामा होता आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात उडत होती.

घरी पोचले तर गाडी आत जाईना. साहजिकच होतं. बायको बसली, सासूबाई बसल्या, घड्याळजीला हाक मारून बसवलं. चार-पाच मिलिमीटर कमी.

"दोन पोती वाळू टाका मागे," घड्याळजी म्हणाला. "होऊन जाईल काम."

"पोत्यांचा भरवसा नाही. वजन सारखं नसतं," साहेब म्हणाले.

"मग एखाद्या गॅरेजवाल्याकडून बोल्ट भाजून काढा," बायको म्हणाली.

"टपाचा रंग जाईल."

सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जावयाकडे पाहिलं आणि मिटलं. गाडी अंगणात राहिली.

पुढल्याच आठवड्यात साहेबांनी दारावरचा बोर्ड खरवडून नवा आकडा रंगवला: १.८७. आता तो बोर्ड खरा होता आणि कुणाच्या उपयोगाचा नव्हता. गाडीवर धूळ साचे, पक्षी जाळीवर बसून आपलं काम करून जात, आणि साहेब रोज सकाळी बादली घेऊन टप पुसत. रोज पुसताना गेटकडे बघत.

बरोबर महिना झाला त्या दिवशी मुलीचा फोन आला. नाटकातल्या राजाचा अंगरखा तिने एकटीने बेतला होता, सगळ्यांना आवडला होता. ती भरभरून बोलत होती, साहेब ऐकत होते.

"आणि बाबा, आज महिना झाला. आले का मी परत?" ती हसत म्हणाली.

"नाही," साहेब म्हणाले. त्यांना अभिमान वाटला, अगदी मनापासून. आणि लगेच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ये ना. गाडी बाहेरच आहे."

"अजून? पोती टाका की मागे."

"टाकून पाहिली," साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला. "नाही जात. तुझ्याएवढंच कमी पडतंय."

 मग ती म्हणाली, "शनिवारी येते, गाडी आत घेऊ. पण बाबा, रविवारी जाणार मी. आणि जाताना गाडी पुन्हा बाहेर काढावी लागेल."

"काढू की," साहेब म्हणाले आणि बादली घ्यायला उठले.