चादरीची फुली

आमच्या कामात जिवंत पान लाल दिसतं. ड्रोनला आम्ही जो वेगळा कॅमेरा लावतो, तो डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपतो. टवटवीत पान हा उजेड परत फेकतं, म्हणून पडद्यावर लालभडक येतं. मेलेलं झाड राखाडी. माझी बायको म्हणायची, "तुमचं सगळं उलटंच. हिरव्याला लाल म्हणता आणि वर पगार घेता!"

तीही माझ्याच संशोधन संस्थेत होती. मी पडद्यासमोर, ती चिखलात. दलदलीतली झाडं कुठे जगली, कुठे मेली याचा नकाशा मी करायचो आणि तो खरा की खोटा, हे ती जागेवर जाऊन बघायची. सात नंबरच्या प्लॉटमधली रोपं तिने आमच्या गॅलरीत वाढवलेली. तेव्हा कपडे वाळत घालायलाही जागा उरली नव्हती. मग एकेक रोप तिने स्वतः नेऊन लावलं. शेवटच्या आजारपणात जेवणाचं नाव काढायची नाही, पण "सातचं काय?" हे रोज विचारायची. मी सांगायचो, लाल आहे. तेव्हा होतंही.

ती गेल्यानंतरच्या उड्डाणात सात नंबर राखाडी आला.

आमच्या मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "बंधाऱ्याचा दरवाजा आपण फक्त सातसाठी बंद ठेवलाय. उघडला की तो प्लॉट पाण्याखाली जाणार. पण खालचं जुनं जंगल सुकत चाललंय. सात मेलाच असेल, तर मला दरवाजा उघडावा लागेल. उद्या नकाशा द्या."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमचा ड्रोन उडवतो. सगळे त्याला घार म्हणतात. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"दाजी, तो आकडा जरा खाली घ्या ना."

किती उजेड परत आला की झाड जिवंत धरायचं, तो आकडा माझ्या हातात असतो. मी तो खाली घेतला. सात नंबर हळूहळू लाल झाला. शेजारचा रस्ताही लाल झाला. मग आमच्या गाड्या लावायची जागा.

"बघ, रस्त्याला पालवी फुटली," मी म्हणालो.

"मग रस्ता पुसा."

"आणि तुझी मोटारसायकल? तीपण जिवंत झालीय."

"तिला राहू द्या. तेवढंच पेट्रोल वाचेल."

ती गेल्यापासून आम्ही पहिल्यांदाच हसलो. हसता हसता तो खिडकीकडे गेला आणि बराच वेळ वळलाच नाही. मी आकडा परत होता तिथे आणला. खालचं जंगलही तिनेच मोजलेलं होतं. तेही माझ्या हातून मारायचं का?

मग माझ्या मनात आलं, चित्रच सरकलं असेल तर? फोटो जमिनीवर बसवताना खूण चुकली की अख्खा नकाशा बाजूला सरकतो. सातच्या जागी शेजारचा उघडा चिखल दिसतो. दुसऱ्या कुणाची अशी चूक सापडली की मी त्याला चार शब्द सुनावतो. आता मात्र चूक निघावी, आणि ती माझीच निघावी, म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

खूण म्हणजे आकाशातून दिसेल अशी मोठी फुली. जिची जागा पक्की मोजलेली आहे, अशा दगडावर ती अंथरायची. संस्थेच्या प्लास्टिकच्या फुल्या वाऱ्याने उडायच्या, म्हणून बायकोने आमच्या घरच्या पांढऱ्या चादरीवर काळ्या कापडाची फुली शिवली होती. चादरीच्या एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग आहे. तो मी पाडलेला.

आम्ही बंधाऱ्यावर गेलो, दगडावर चादर अंथरली. सात नंबर आणि आमच्यामध्ये उंच लव्हाळं होतं, त्यामुळे प्लॉट दिसत नव्हता. मला ते बरंच वाटलं. मेहुण्याने ड्रोन उडवला. नवे फोटो मी जीपमध्ये बसून लॅपटॉपवर उघडले आणि जुना नकाशा त्यांच्यावर ठेवला.

जुन्या नकाशातली फुली नव्या फोटोतल्या फुलीवर बरोब्बर बसली. केसाचाही फरक नाही.

"पानं गळली असतील नुसती," मेहुणा म्हणाला. "ताई म्हणायची ना, पानांवर जाऊ नका, साल बघा."

ती नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाडालाच म्हणायची, "आहेस का गं बाई?"

आम्ही लव्हाळ्यातून पलीकडे गेलो. मी एका टोकाने खरवडत निघालो, तो दुसऱ्या टोकाने. आत तपकिरी. पुढच्यातही तपकिरी. काही फांद्या तर हात लावताच मोडत होत्या. मधोमध आमची गाठ पडली. त्याने माझ्या नखांकडे बघितलं, मी त्याच्या.

"दाजी, नीट बघितलं ना?"

दवाखान्यातून मी त्याला फोन केला होता, तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं. शब्दन् शब्द हाच. तेव्हा मी काय बोललो ते मला आठवत नाही.

"बघितलं रे," मी म्हणालो.

तो मी तपासलेल्या ओळीत शिरला आणि पहिल्यापासून पुन्हा खरवडायला लागला. मी त्याला अडवलं नाही. तो शेवटच्या झाडापाशी पोचला, तेव्हा मी मॅडमना फोन लावला.

"सात गेला. उघडा दरवाजा."

"जागेवर जाऊन बघितलंत?"

"दोघांनी बघितलं."

परत बंधाऱ्यावर आलो. चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. मी दोन कोपरे धरले, त्याने दोन. बायको असती तर ओरडली असती, "टोकाला टोक लावा हो, नकाशावाले!" आमची टोकं काही जुळेनात. तीनदा उलगडली, तीनदा घातली. शेवटी इस्त्रीचा डाग बाहेरच राहिला. आम्ही ती तशीच जीपमध्ये ठेवली.